नखाएवढ्या कार्डाची दुसरी प्रत

‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण शेतकऱ्याच्या गोठ्यात जन्मली. परंतु संगणक वापरणाऱ्यांना ती जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला लागू पडत असेल. घराच्या एखाद्या कोपऱ्यात, राउटरच्या शेजारी, पत्त्यांच्या जोडाएवढा एक लिनक्स संगणक वर्षानुवर्षे अखंड चालू असतो. कुटुंबाची छायाचित्रे तो सांभाळतो, इंटरनेटवरील जाहिराती अडवतो, गच्चीवरील टाकीतल्या पाण्याच्या पातळीची नोंद ठेवतो. एके दिवशी वीज जाते, परत येते. पण तो संगणक पुन्हा सुरू होत नाही. बहुतेक वेळा संगणक बिघडलेला नसतोच. बिघडलेले असते ते त्याच्या पोटातील नखाएवढे कार्ड. नवे कार्ड काही शे रुपयांत मिळते. जुन्या कार्डावरील तीन वर्षांच्या नोंदी मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत.

हा प्रसंग टाळता येत नाही. कारण प्रत्येक कार्ड केव्हा ना केव्हा निकामी होणारच असते. त्यातून होणारे नुकसान मात्र टाळता येते. त्यासाठी बॅकअप आणि क्लोन या दोन गोष्टींतील भेद समजून घेणे, त्या करण्याच्या पद्धती माहीत असणे आणि घेतलेली प्रत खरोखर चालते की नाही हे आधीच पाहून ठेवणे आवश्यक असते. यांपैकी शेवटच्या गोष्टीकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.

संगणक छोटा, कामे मोठी

इंग्लंडमधील केंब्रिज येथील रास्पबेरी पाय फाउंडेशनने २९ फेब्रुवारी २०१२ रोजी आपला पहिला संगणक विक्रीस आणला. शाळकरी मुलांना प्रोग्रामिंगची गोडी लागावी, हा एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मूळ हेतू होता. ७०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट मेमरी आणि ३५ डॉलर किंमत असे त्या मॉडेलचे स्वरूप होते. मुलांपेक्षा हौशी तंत्रज्ञांनीच त्याचे अधिक स्वागत केले. पुढे कारखाने, प्रयोगशाळा आणि कार्यालये यांतही त्याला स्थान मिळाले. जून २०२४ मध्ये रास्पबेरी पाय कंपनीची लंडन शेअर बाजारात नोंदणी झाली, तोवर असे ६ कोटींहून अधिक संगणक विकले गेले होते. ऑरेंज पाय, ओड्रॉइड, बीगलबोन ही याच कुळातील अन्य नावे होत.

या संगणकांची किंमत कमी ठेवण्यासाठी त्यांत हार्ड डिस्क दिलेली नसते. संपूर्ण प्रणाली आणि वापरकर्त्याची सारी माहिती बहुधा एका मेमरी कार्डावर राहते. पहिल्या रास्पबेरी पायमध्ये मोठ्या आकाराचे एसडी कार्ड बसत असे. जुलै २०१४ मधील ‘बी प्लस’ मॉडेलपासून मायक्रो एसडी कार्ड आले. त्याचा आकार अवघा १५ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर रुंद. डेबियनवर आधारित त्याची अधिकृत प्रणाली आरंभी ‘रास्पबियन’ या नावाने ओळखली जाई. मे २०२० पासून तिचे नाव ‘रास्पबेरी पाय ओएस’ असे झाले. प्रस्तुत विवेचन मुख्यतः या संगणकाला अनुसरून केले आहे. तथापि त्यातील तत्त्वे अन्य छोट्या लिनक्स संगणकांनाही लागू पडतात.

कार्ड दगा का देते?

सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी १९९९ मध्ये एसडी कार्डाची घोषणा केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कॅमेरे आणि संगीत ऐकण्याची उपकरणे होती. कॅमेरा एक छायाचित्र लिहितो आणि थांबतो. लिनक्स प्रणाली मात्र कधीच थांबत नाही. ती घटनांच्या नोंदी लिहिते, डेटाबेस अद्ययावत करते, तात्पुरत्या फायली निर्माण करते आणि पुसते.

कार्डातील फ्लॅश मेमरीचा स्वभाव येथे आड येतो. या मेमरीवर लिहिलेले अक्षर खोडून त्याच जागी दुसरे लिहिता येत नाही. आधी एक मोठा ठोकळा संपूर्ण पुसावा लागतो. त्यामुळे चार ओळींचा बदल करण्यासाठीही कार्डाला आतल्या आत कितीतरी अधिक मजकूर हलवावा लागतो. प्रत्येक ठोकळा किती वेळा पुसता येईल, यालाही मर्यादा असते. प्रत्येक पेशीत एकच बिट साठवणाऱ्या जुन्या, महागड्या फ्लॅशमध्ये ही मर्यादा सुमारे १ लाख वेळा इतकी होती. स्वस्त कार्डांतील दाट साठवणुकीच्या फ्लॅशमध्ये ती काही हजारांपर्यंत किंवा त्याहूनही खाली येते. सर्व ठोकळे सारखे झिजावेत म्हणून कार्डातील सूक्ष्म नियंत्रक माहितीची जागा सतत बदलत असतो आणि कोणती माहिती कोठे आहे, याचा एक नकाशा स्वतःजवळ ठेवतो.

हा नकाशा लिहिला जात असतानाच वीज गेली, तर संपूर्ण कार्डच वाचण्याच्या पलीकडे जाऊ शकते. लिनक्समधील ‘ईएक्सटी फोर’ ही फाइल प्रणाली अर्धवट राहिलेले व्यवहार सावरू शकते. परंतु कार्डाच्या आतील नकाशापर्यंत तिचा हात पोहोचत नाही. काही कार्डे मरण्यापूर्वी केवळ वाचनापुरती उरतात. काही तर अधिक फसवी असतात. ती लिहिल्याचा आव आणतात, पण संगणक पुन्हा सुरू केला की कालचेच रूप दाखवतात. त्यातच नामांकित कंपन्यांचे शिक्के मारलेली बनावट कार्डेही बाजारात असतात. बाहेर ६४ जीबी छापलेले, पण प्रत्यक्षात ८ जीबी जागा असलेले कार्ड पहिले काही महिने विनातक्रार चालते आणि खरी जागा संपताच नवी माहिती गिळू लागते. ‘एफ थ्री’ हा मोफत प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरून, पुन्हा वाचून त्याची खरी क्षमता सांगतो. नवे कार्ड कामाला लावण्यापूर्वी ही तपासणी अवश्य करावी.

बॅकअप वेगळा, क्लोन वेगळा

हे दोन शब्द सर्रास एकमेकांसाठी वापरले जातात. ती चूक आहे.

क्लोन म्हणजे चालू कार्डाची अशी हुबेहूब प्रत, की जी जुन्या कार्डाच्या जागी बसवताच संगणक सुरू व्हावा. पाच मिनिटांत गाडी पुन्हा रुळावर आणणे, हे त्याचे काम. बॅकअप म्हणजे माहितीची वेगवेगळ्या दिवशी घेतलेली आणि स्वतंत्र जागी ठेवलेली प्रत. मागे जाता येणे, हे तिचे काम.

हा भेद प्रत्यक्षात किती महत्त्वाचा आहे, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, सोमवारी छायाचित्रांचा एक फोल्डर चुकून पुसला गेला आणि मंगळवारी रात्री ठरल्याप्रमाणे आपोआप क्लोन झाला. बुधवारी चूक लक्षात येते, तेव्हा क्लोनमध्येही तो फोल्डर नसतो. क्लोनने आपले काम चोख बजावलेले असते. त्याने चुकीचीही हुबेहूब प्रत केलेली असते. उलटपक्षी, ज्याच्याकडे केवळ फायलींचा बॅकअप आहे, त्याची माहिती सुरक्षित राहते, पण सारी प्रणाली नव्याने बसवण्यात त्याची सुट्टी खर्ची पडते. म्हणून दोन्ही हवेत. त्यातही निवड करण्याची वेळ आलीच, तर बॅकअपला अग्रक्रम द्यावा. प्रणाली पुन्हा उतरवून घेता येते, छायाचित्रे नाही.

कार्डाच्या पोटात काय असते?

रास्पबेरी पाय ओएसच्या कार्डावर साधारणतः दोन विभाग असतात. पहिला लहान विभाग ‘फॅट’ पद्धतीचा असून संगणक सुरू होण्यास लागणाऱ्या फायली त्यात असतात. दुसरा मोठा विभाग ‘ईएक्सटी फोर’ पद्धतीचा असतो; प्रणाली आणि वापरकर्त्याची माहिती त्यात राहते.

येथेच एक सापळा आहे. असे कार्ड विंडोज संगणकाला जोडले, की विंडोजला पहिला विभाग दिसतो, पण दुसरा ओळखता येत नाही. मग ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर झळकते. ती सूचना मान्य केली, तर ज्या माहितीची प्रत घ्यायची, तीच पुसली जाते. अशा वेळी ‘कॅन्सल’ हेच उत्तर द्यावे.

दुसरी लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे विभागांची ओळख. प्रणाली आपला मुख्य विभाग शोधते ती ‘पार्ट यूयूआयडी’ या ओळखक्रमांकावरून. हा क्रमांक दोन ठिकाणी लिहिलेला असतो. एक, सुरुवातीच्या विभागातील ‘सीएमडीलाइन’ या मजकूर फाइलमध्ये आणि दुसरे, ‘ईटीसी’ फोल्डरमधील ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये. क्लोन सुरू होत नसेल, तर सर्वप्रथम या दोन फायली पाहाव्यात. अनेकदा उत्तर तेथेच सापडते.

पद्धत पहिली : संपूर्ण इमेज

संगणक रीतसर बंद करावा, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबल्यावर कार्ड काढावे आणि कार्ड रीडरमधून दुसऱ्या संगणकाला जोडावे. त्यानंतर कार्डावरील पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत सर्व काही एका मोठ्या फाइलमध्ये उतरवून घ्यावे. या फाइलला ‘इमेज’ म्हणतात. विंडोजवर हे काम ‘विन ३२ डिस्क इमेजर’ करतो. रास्पबेरी पायचा अधिकृत ‘इमेजर’ हा प्रोग्राम मार्च २०२० मध्ये आला. तो मात्र इमेज कार्डावर लिहिण्याचे काम करतो, कार्डावरून वाचण्याचे नाही. म्हणजे प्रत परत बसवताना त्याचा उपयोग होतो, घेताना होत नाही.

लिनक्सवर या कामासाठी ‘डीडी’ ही आज्ञा १९७० च्या दशकातील युनिक्सपासून चालत आली आहे. तिला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. ‘आयएफ’ म्हणजे कोठून वाचायचे आणि ‘ओएफ’ म्हणजे कोठे लिहायचे. या दोन अक्षरांची अदलाबदल झाली, तर रिकाम्या कार्डाची प्रत भरलेल्या कार्डावर लिहिली जाते. ‘डीडी’ कोणताही प्रश्न विचारत नाही. तिला ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ असे टोपणनाव उगाच पडलेले नाही. म्हणून ती देण्यापूर्वी ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने जोडलेल्या सर्व ड्राइव्हची यादी पाहावी आणि आकारावरून कार्ड ओळखावे. कार्ड रीडरमधून जोडलेल्या कार्डाला बहुधा ‘एसडीबी’ किंवा ‘एसडीसी’ यांसारखे नाव मिळते, पण ते दर वेळी तेच असेल, याची खात्री नसते. कालची आज्ञा आज डोळे मिटून पुन्हा चालवणे म्हणूनच धोक्याचे.

या पद्धतीचा गुण म्हणजे संपूर्णता. तिच्यात काहीही सुटत नाही. दोष दोन आहेत. पहिला, वेळ आणि जागा. ३२ जीबीच्या कार्डावर केवळ ६ जीबी माहिती असली, तरी इमेज ३२ जीबीचीच होते आणि सेकंदाला २० मेगाबाइट या वेगाने ती उतरवण्यास सुमारे २७ मिनिटे लागतात. दुसरा दोष आकाराचा. दोन कंपन्यांची ‘३२ जीबी’ची कार्डे तंतोतंत सारख्या आकाराची नसतात. नवे कार्ड काही मेगाबाइटने जरी लहान निघाले, तरी इमेज त्यावर पूर्ण मावत नाही आणि ही गोष्ट नेमकी संकटाच्या वेळी उघडकीस येते. ‘पायश्रिंक’ नावाची एक मोफत आज्ञावली यावर उपाय करते. ती इमेजमधील रिकामी जागा काढून टाकते आणि नव्या कार्डावर पहिल्यांदा सुरू होताना विभाग पुन्हा कार्डभर पसरेल, अशी व्यवस्था करून ठेवते.

पद्धत दुसरी : चालू संगणकाचा क्लोन

दर वेळी संगणक बंद करणे आणि कार्ड काढणे सर्वांना शक्य नसते. त्यासाठी यूएसबी कार्ड रीडरमध्ये दुसरे कार्ड लावून चालू संगणकावरूनच क्लोन करता येतो. रास्पबेरी पाय ओएसच्या डेस्कटॉपमध्ये ‘एसडी कार्ड कॉपिअर’ हा प्रोग्राम २०१६ पासून दिलेला आहे. कोठून आणि कोठे, एवढे दोनच प्रश्न तो विचारतो. तो बाइट मोजून उतरवत नाही. नव्या कार्डावर विभाग आखून त्यांत फायली नेऊन ठेवतो. साहजिकच माहिती मावत असेल, तर लहान कार्डावरही क्लोन करता येतो.

ज्यांच्या संगणकाला पडदाच जोडलेला नाही, त्यांच्यासाठी ‘आरपीआय क्लोन’ ही आज्ञावली सोयीची आहे. पहिल्या वेळी ती संपूर्ण प्रत करते. त्यानंतर केवळ बदललेल्या फायलीच नव्या कार्डावर नेते. त्यामुळे पहिल्या वेळी लागणारा दीर्घ वेळ नंतर पुष्कळच कमी होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून सुरुवातीच्या विभागाची जागा ‘बूट’ऐवजी ‘बूट फर्मवेअर’ अशी बदलली. जुन्या आज्ञावली तेथे अडखळतात. यासाठी सुधारित आवृत्तीच वापरावी.

कार्डावरून एसएसडीवर स्थलांतर करण्यासाठीही हाच मार्ग आहे. रास्पबेरी पाय ४ ला यूएसबीवरील ड्राइव्हवरून सुरू होण्याची सोय २०२० मधील फर्मवेअरने मिळाली; रास्पबेरी पाय ५ ला योग्य जोडणी घेतल्यास एनव्हीएमई ड्राइव्हही जोडता येतो. एसएसडी कार्डापेक्षा वेगवान आणि टिकाऊ असते, यात शंका नाही. पण म्हणून ती अमर नसते. एसएसडी घेतली आणि बॅकअप थांबवला, असे होऊ नये.

पद्धत तिसरी : फायलींचा नित्य बॅकअप

अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘आरसिंक’ ही आज्ञावली आजही या कामाचा कणा आहे. दोन ठिकाणच्या फायलींची तुलना करून केवळ बदललेला भाग ती नेते. घरातील दुसऱ्या संगणकावर किंवा बाह्य हार्ड डिस्कवर रोज रात्री ठरावीक वेळी तिला आपोआप चालवता येते.

तिच्याबाबत तीन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, प्रणालीच्या फायलींची प्रत ‘ईएक्सटी फोर’सारख्या लिनक्स पद्धतीच्या विभागावरच घ्यावी. ‘फॅट’ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर फायली पोहोचतात, पण त्यांचे मालक आणि परवानग्या हरवतात. अशा प्रतीवरून प्रणाली नीट उभी राहत नाही. दुसरे, ‘प्रॉक’, ‘सिस’, ‘डेव्ह’ आणि ‘रन’ हे फोल्डर वगळावेत. त्यांतील मजकूर कार्डावर नसतोच, प्रणाली चालू असताना तो मेमरीत निर्माण होतो. तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. मूळ जागेवरून पुसलेली फाइल प्रतीतूनही पुसावी, असा ‘डिलीट’ हा पर्याय ‘आरसिंक’ला देता येतो. ज्या डिस्कची प्रत घ्यायची ती काही कारणाने जोडली गेली नसेल, तर ‘आरसिंक’ला तेथे रिकामा फोल्डर दिसतो आणि ती इमानेइतबारे संपूर्ण बॅकअपही रिकामा करते. म्हणून आज्ञावलीच्या आरंभी डिस्क जोडलेली आहे का, हे तपासणारी एक ओळ असावीच.

एकाच प्रतीवर विसंबून न राहता निरनिराळ्या दिवसांच्या प्रती ठेवायच्या असतील, तर ‘आरस्नॅपशॉट’, ‘बोर्ग’ किंवा ‘रेस्टिक’ यांसारख्या आज्ञावली वापराव्यात. न बदललेली माहिती त्या पुन्हा पुन्हा साठवत नाहीत. त्यामुळे महिन्याभराच्या प्रतींनाही फारशी जागा लागत नाही. शेवटच्या दोन माहिती कुलूपबंदही करतात. तथापि कुलपाचा पासवर्ड त्याच कार्डावरील फाइलमध्ये लिहून ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवण्यासारखे आहे. तो स्वतंत्रपणे कागदावर लिहून ठेवावा.

चालत्या डेटाबेसचे छायाचित्र

गर्दीच्या चौकाचे छायाचित्र डावीकडून उजवीकडे हळूहळू काढत नेले, तर एकच माणूस दोनदा दिसेल आणि दुसरा दिसणारच नाही. चालू डेटाबेसची फाइल नुसती उतरवून घेतली, की असेच होते. प्रत घेण्यास दोन मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात तिचा आरंभ व शेवट यांचा मेळ तुटतो. ही प्रत दिसायला ठीक असते. उघडायला गेल्यावर मात्र दगा देते.

यावर दोन उपाय आहेत. प्रत घेण्यापूर्वी ती सेवा थांबवावी आणि नंतर सुरू करावी, हा पहिला. मारियाडीबी, पोस्टग्रे किंवा एसक्यूलाइट यांनी स्वतः दिलेल्या सोयीने डेटाबेसची सुसंगत प्रत एका फाइलमध्ये काढावी आणि तीच बॅकअपमध्ये घ्यावी, हा दुसरा. घरातील उपकरणांच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणकांत असा डेटाबेस बहुधा असतोच. वापरकर्त्याला त्याची कल्पना नसते, इतकेच.

जुळ्यांचा घोटाळा

‘डीडी’ने केलेल्या क्लोनमध्ये विभागांचे ओळखक्रमांकही जसेच्या तसे येतात. मूळ कार्ड आणि असा यूएसबीवरील क्लोन एकाच वेळी एकाच संगणकाला जोडून ठेवले, तर एका क्रमांकाचे दोन विभाग प्रणालीसमोर उभे राहतात. कधी संगणक एका कार्डावरून सुरू होतो, पण मुख्य विभाग दुसऱ्याचा घेतो. वापरकर्ता समजतो की आपण मूळ कार्डावर काम करत आहोत; प्रत्यक्षात काही आठवडे सारे लेखन क्लोनवर होत राहते. पुढे तो ‘जुना’ क्लोन पुसून नवा करायला जातो आणि ताज्या नोंदी गमावतो. म्हणून क्लोन झाल्यावर तो संगणकापासून वेगळा करावा किंवा ‘एसडी कार्ड कॉपिअर’मधील नवे ओळखक्रमांक देण्याचा पर्याय निवडावा.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी किंवा कार्यालयासाठी एकाच कार्डावरून दहा कार्डे तयार करताना आणखी काळजी घ्यावी लागते. संगणकाचे नाव, ‘मशीन आयडी’ आणि एसएसएच या दूरसंपर्क पद्धतीच्या गुप्त किल्ल्या दहाही ठिकाणी सारख्याच होतात. एका संगणकाची किल्ली फुटली, की दहाही उघडे पडतात. प्रत्येक कार्डावर या तीन गोष्टी नव्याने निर्माण कराव्यात. तसेच वायफायचा पासवर्ड आणि अन्य गुपितेही इमेजमध्ये असतात, हे विसरू नये. अशी इमेज मित्राला सहज देऊन टाकणे म्हणजे घराची किल्ली देण्यासारखेच.

कार्ड मरणपंथाला लागल्यावर

वाचताना चुका येऊ लागल्या, तर पहिली प्रतिक्रिया कार्ड दुरुस्त करणारी आज्ञा देण्याची असते. ती टाळावी. दुरुस्तीत कार्डावर लेखन होते आणि जे वाचले असते, तेही जाते. प्रथम ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ या आज्ञावलीने कार्डाची इमेज घ्यावी. साधी ‘डीडी’ पहिल्याच चुकीपाशी थांबते. ‘डीडीरेस्क्यू’ आधी चांगला भाग उचलते आणि मग वाईट जागांकडे पुन्हा पुन्हा वळते. कोठे काय झाले, याची नोंद ती ठेवत असल्याने काम मध्येच थांबवून पुढे चालू करता येते. दुरुस्ती नंतर करावी, आणि तीही इमेजच्या प्रतीवर.

खरी परीक्षा

अमेरिकेतील गिटलॅब या कंपनीचे ३१ जानेवारी २०१७ चे उदाहरण बोलके आहे. रात्रीच्या वेळी एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली आणि मुख्य डेटाबेसची माहिती गेली. कंपनीकडे बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या. प्रत्यक्षात त्यांतील नित्याचा डेटाबेस बॅकअप आवृत्ती न जुळल्याने बरेच दिवस होतच नव्हता आणि तसे कळवणारे ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीने कंपनीला तारले. त्या सहा तासांतील माहिती मात्र परत आली नाही. हा सारा तपशील कंपनीने स्वतःच प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला. कसबी अभियंत्यांच्या कंपनीत जे घडले, ते एका घरगुती संगणकाच्या बाबतीत घडणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

छोट्या संगणकांच्या बाबतीत ही परीक्षा सुदैवाने सोपी आहे. संगणक बंद करावा, मूळ कार्ड काढून बाजूला ठेवावे, क्लोन केलेले कार्ड बसवावे आणि सुरू करावे. लॉगिन होते का, सर्व सेवा चालतात का, मागील आठवड्यातील एखादी फाइल उघडते का, हे पाहावे. दहा मिनिटांचे हे काम. फायलींच्या बॅकअपमधूनही एक-दोन फायली दुसऱ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडून पाहाव्यात. ही परीक्षा जोवर झालेली नाही, तोवर आपल्याकडे बॅकअप आहे असे म्हणता येत नाही. आपल्याकडे केवळ एक आशा असते.

वेळापत्रक

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ‘तीन-दोन-एक’ हा नियम येथेही मार्गदर्शक ठरतो. माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर. घरगुती वापरासाठी त्याचे रूप पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

रोज : वापरकर्त्याच्या फायली, ‘ईटीसी’ फोल्डरमधील मांडणी आणि डेटाबेसची सुसंगत प्रत दुसऱ्या डिस्कवर.

दरमहा : दुसऱ्या कार्डावर क्लोन. कार्डाच्या वेष्टनावर तारीख लिहावी.

मोठ्या अपग्रेडपूर्वी : संपूर्ण इमेज, आकुंचित करून हार्ड डिस्कवर. अपग्रेड फसले, तर हाच परतीचा मार्ग.

सहा महिन्यांतून एकदा : क्लोनवरून संगणक सुरू करून पाहणे आणि एक प्रत, कुलूपबंद करून, नातेवाइकांच्या घरी किंवा क्लाउडवर पोहोचवणे.

क्लोन केलेले कार्ड वर्षानुवर्षे खणात पडू देऊ नये. वीज न मिळालेल्या फ्लॅशमधील माहिती कालांतराने क्षीण होत जाते. दीर्घकाळासाठी इमेज हार्ड डिस्कवर ठेवणेच इष्ट. यासोबतच अखंड लेखनासाठी बनवलेले, सीसीटीव्हीकरिता विकले जाणारे टिकाऊ कार्ड घेतले, चांगल्या प्रतीचा वीजपुरवठा दिला आणि शक्य तेथे छोटा यूपीएस जोडला, तर मूळ कार्डाचे आयुष्यही वाढते. ज्या संगणकाला स्वतःची काही माहिती साठवायचीच नसते, त्याचे कार्ड रास्पबेरी पायच्या मांडणीतील ‘ओव्हरले फाइल सिस्टीम’ या पर्यायाने केवळ वाचनापुरते करून टाकता येते.

या साऱ्याला येणारा खर्च म्हणजे एक जादा कार्ड, एक कार्ड रीडर आणि महिन्यातील एखादा तास. राउटरशेजारचा तो छोटा संगणक एके दिवशी सुरू होणार नाही, हे निश्चित आहे. त्या दिवशी खणातून तारीख लिहिलेले, पूर्वी चालवून पाहिलेले कार्ड निघाले, तर चहाचा कप निवण्यापूर्वी काम संपेल. ते निघाले नाही, तर मात्र टाकीतील पाण्याची नोंद नव्याने सुरू करता येईल. आजोबांच्या पंच्याहत्तरीची छायाचित्रे पुन्हा काढता येणार नाहीत.